चिमणरावांचं ना हरकत पत्र कुणाकडून आणू?

प्रति,
एकांकिका आणि बालनाट्य स्पर्धांचे सर्व आयोजक,
महाराष्ट्र

सप्रेम नमस्कार.

१ जानेवारी २०२४ या दिवशी जगभर एका उंदराची बातमी झाली. १९२८ सालच्या 'स्टीमबोट विली' या छोट्याशा कार्टूनपटातला मिकी माउस त्या दिवशी अमेरिकेत कॉपीराइटमधून सुटला. त्याला घेऊन आता कुणीही गोष्ट लिहावी, चित्र काढावं, नाटक करावं. आपल्याकडेही लोकांनी ही बातमी चवीने वाचली. नेमके त्याच दिवशी भारतात चिमणराव सुटले. त्यांना घडवणारे विनोदी लेखक चिं. वि. जोशी गेले २१ नोव्हेंबर १९६३ला. आपला १९५७चा कॉपीराइट कायदा सांगतो, की लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची. ती ३१ डिसेंबर २०२३ला भरली. चिमणराव, गुंड्याभाऊ, काऊ, मोरू, मैना ही सगळी मंडळी त्या रात्री बारा वाजता तुमची-आमची झाली. मराठीत कुणी पेढे वाटल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. त्याबद्दल काही म्हणणं नाही. उंदराएवढी प्रसिद्धी चिमणरावांना झेपलीही नसती.

म्हणणं आहे ते तुमच्या प्रवेश अर्जाबद्दल.

मी सांगलीत शाळेत मराठी शिकवते आणि मुलांची, माजी विद्यार्थ्यांची नाटकं बसवते. तालीम शाळेच्या हॉलमध्ये, कपडे ज्याचे त्याचे, नेपथ्य म्हणजे तीन खुर्च्या आणि कुणाच्या तरी आजीचा लोखंडी पलंग. गेल्या मोसमात आम्ही चिमणरावांवर एक नवी एकांकिका लिहिली. त्यात चिमणरावांना व्हिडिओ कॉल येतो. पडद्यावर खाकी वर्दीतला एक तोतया पोलीस दरडावतो, "तुम्ही डिजिटल अटकेत आहात. दार लावून घ्या, कुणाशी बोलायचं नाही." चिमणराव दार लावून घेतात, चष्मा पुसतात आणि अदबीने विचारतात, की साहेब, अटकेत असताना चहा घेतला तर कलम वाढेल का? नवरा आंघोळीला जाताना टॉवेलऐवजी फोनकडे बघून परवानगी का मागतो, हे काऊला कळत नाही. शेवटी गुंड्याभाऊ सोटा घेऊन येतो आणि आधी फोनला दम भरतो, मग चिमणरावांना. गुंड्याभाऊचं काम दहावीतली एक मुलगी करते. क्रिकेटच्या स्टंपला खाकी कागद गुंडाळून तिचा सोटा केला होता. पहिल्याच तालमीत तिने तो पलंगावर असा हाणला की स्टंपचे दोन तुकडे झाले. मग हमालाकडून खरी काठी आणली.

ही गोष्ट नव्या पात्रांना घेऊनही लिहिता आली असती, असं कुणी म्हणेल. नसती आली. एकांकिका पाऊण तासाच्या आत आटपावी लागते. नवा माणूस उभा करायचा तर तो भित्रा आहे, सरळ आहे, सरकारी कागद दिसला की त्याचे हातपाय गळतात, बायकोपुढे मात्र तो शूर असतो, हे दाखवण्यातच निम्मा वेळ जातो. चिमणराव नुसते आत आले, की मागच्या रांगेतले आजोबा हसायला लागतात. त्यांनी पुस्तक वाचलेलं असतं किंवा दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना पाहिलेलं असतं. शेजारी बसलेला नातू विचारतो, "हे कोण?" आजोबा सांगतात. त्या दोघांत तेवढ्या वेळात जे घडतं, ते नवीन पात्राला करून दाखवता येत नाही. शिवाय डिजिटल अटकेचा फोन कुणाला येतो? ज्याने आयुष्यात कधी नियम मोडला नाही आणि म्हणूनच ज्याला नियमाची भीती सगळ्यात जास्त आहे, त्याला. तो माणूस चिं. वि. जोशींनी १९३३च्या 'चिमणरावाचे चऱ्हाट'मध्येच लिहून ठेवला होता. आम्ही फक्त त्याच्या हातात स्मार्टफोन दिला.

अर्ज भरला तेव्हा त्यात हे कलम होतं: एकांकिका अन्य लेखकाच्या साहित्यकृतीवर किंवा पात्रांवर आधारित असल्यास मूळ लेखकाचे अथवा वारसांचे ना हरकत पत्र मूळ प्रतीत जोडणे बंधनकारक. मी फोन केला. मुदत संपल्याचं सांगितलं. उत्तर आलं, "मॅडम, तसं लेखी आणा." कुणाकडून? "ते तुम्ही बघा. वारसांचं आणा, नाहीतर प्रकाशकांचं." कॉपीराइट संपल्याचा दाखला देणारी खिडकी कायद्यात कुठेच नाही, हे मी सांगितलं. तेव्हा पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, की मग तुम्ही दुसरा विषय घ्या. आमची प्रवेशिका बाद झाली. स्पर्धा कुठली ते लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण जवळपास हेच कलम, कधी याच शब्दांत, मी इतर अर्जांतही वाचलं आहे. एकाचा अर्ज पाहून दुसऱ्याने टंकलेला असावा. तेवढी उसनवारी तुम्हाला चालते, याचा आनंद आहे.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार. जिथे मालकच उरलेला नाही, तिथे तुम्ही मालकाची सही मागता. चिमणरावांचंच नाही. राम गणेश गडकरी १९१९ला गेले. त्यांचा तळीराम माझ्या जन्माच्या आधीपासून मोकळा आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे बंडूनाना आणि पांडूतात्या तसेच. साने गुरुजी १९५०ला गेले. 'श्यामची आई'तला श्याम १ जानेवारी २०११पासून कुणाच्याही परवानगीचा मिंधा नाही. मामा वरेरकर १९६४ला गेले, म्हणजे १ जानेवारी २०२५पासून त्यांची 'हाच मुलाचा बाप' आणि 'सत्तेचे गुलाम' ही नाटकं जशीच्या तशी करा, कापून करा, उलटी करून करा, कुणाला पत्र लिहायचं कारण नाही. तुमच्या कलमाने मात्र या सगळ्यांना पुन्हा कुलूप लावलं. संसदेने दिलेली मुदत साठ वर्षांची. तुम्ही अर्जातल्या एका ओळीत ती कायमची केलीत.

यात जपून राहण्याच्या जागा आहेत आणि त्या मी लपवत नाही. चिमणरावांवरची दूरदर्शन मालिका हे वेगळं काम आहे, तिची पटकथा आणि चित्रण यांचे हक्क वेगळे. पुस्तकातली चित्रं आणि मुखपृष्ठं ज्या चित्रकारांची, त्यांच्या मृत्यूवरून मोजायची. लेखकाच्या पश्चात पहिल्यांदा छापलं गेलेलं लिखाण असेल, तर त्याची साठ वर्षं छापल्या वर्षापासून धरायची. म्हणून आम्ही मालिकेतला एकही संवाद घेतला नाही, पुस्तकावरून लिहिलं. कायद्याचं कलम ५७ही आहे. लेखकाच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल असं विकृतीकरण केलं, तर वारस कोर्टात जाऊ शकतात, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर हा हक्क कॉपीराइटच्या मुदतीला बांधलेला राहिलेला नाही. उद्या कुणी चिमणरावांना किळसवाणं करून दाखवलं, तर वारसांनी जरूर भांडावं. पण ते भांडण प्रयोग झाल्यावरचं. आधी परवानगी घेऊन या, असं कलम ५७ म्हणत नाही. ते तुम्ही म्हणता.

आणि कुणाच्या नाट्यपरंपरेत म्हणता? मराठी रंगभूमीचा आरंभ आपण धरतो तो इथला, आमच्या सांगलीचा, १८४३चा. विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं. राम त्यांचा नव्हता, सीता त्यांची नव्हती, रावणही त्यांचा नव्हता. शंभरावर वर्षं उलटल्यावरही वरेरकरांनी 'भूमिकन्या सीता' लिहिलं, तेव्हा त्यांनाही कुणी विचारलं नाही की सीतेचे हक्क कुठून आणले. पेंद्या घ्या. कृष्णाचा हा लंगडा, बोबडा, खादाड सवंगडी आपल्याकडे संतांच्या गवळणींतून आणि तमाशाच्या गण-गवळणीतून वाढला. दर फडात पेंद्या वेगळा. एका पेंद्याने दूधदह्यावरच्या जकातीची टिंगल केली, पुढच्याने रेशनच्या रांगेची. तमाशातली मावशी कुणाची? दशावतारातला संकासूर कुणाचा? त्यांना एक मालक असता, तर ते त्या मालकाबरोबर संपले असते. देवलांनी शेक्सपिअरचा ऑथेल्लो उचलून त्याचा 'झुंझारराव' केला. अत्र्यांनी 'चार्लीज आंट'वरून 'मोरूची मावशी' बांधली. तुमचा अर्ज त्या काळी असता आणि या मंडळींनी तो प्रामाणिकपणे भरला असता, तर मराठी नाटकाचा इतिहास लिहायला फार पानं लागली नसती.

दुसरी तक्रार. ज्यांचा हक्क अजून शिल्लक आहे, त्यांच्या बाबतीतही तुम्ही कायद्यापेक्षा कडक वागता. हक्क शिल्लक असलेल्यांची यादी मोठी आहे आणि ती आपल्या सगळ्यांच्या लाडक्यांची आहे. आचार्य अत्रे १९६९ला गेले, म्हणजे लखोबा लोखंडे १ जानेवारी २०३०ला सुटेल. रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकर १९९६ला गेले. झुंजार आणि काळा पहाड २०५७ उजाडेपर्यंत थांबणार. शिरवाडकरांचे अप्पासाहेब बेलवलकर २०६०ला, पुलंची 'व्यक्ती आणि वल्ली'तली सगळी गँग २०६१ला, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०६२ला. आज तालमीला येणारी पोरं तेव्हा आजी-आजोबा झालेली असतील. (अर्नाळकरांचं दुःख वेगळंच आहे. हजारावर पुस्तकं लिहिलेला हा माणूस. त्यांची कितीतरी पुस्तकं आता फक्त रद्दीवाल्याकडे किंवा जुन्या वाचनालयाच्या माळ्यावर भेटतात. २०५७ला हक्क सुटतील तेव्हा सोडायला कागद उरला असेल का, अशी शंका येते.)

तरीही कायदा इतका आंधळा नाही. कलम ५२ वाचा. हौशी संस्थेने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेला नाट्यप्रयोग हा हक्कभंग नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. शाळेने विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता केलेला प्रयोगही नाही. आणि त्याच कलमाच्या पुढच्या भागात म्हटलंय, की ही सवलत मूळ कृतीइतकीच तिच्या रूपांतरालाही लागू आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या स्पर्धा तिकिटाशिवाय होतात, त्यांनी हे कलम अर्जाशेजारी ठेवून पाहावं. तिकीट लावत असाल, तर गोष्ट वेगळी. मग परवानगी घ्यायलाच हवी आणि मानधनही द्यायला हवं. त्यात माझी काही तक्रार नाही.

विडंबन आणि टीका यांचंही तसंच. केरळात तोप्पिल भासी यांचं 'निङ्ङळेन्ने कम्युनिस्टाक्कि' हे १९५०च्या दशकातलं गाजलेलं नाटक. सिविक चंद्रन यांनी त्याला उलट सवाल करणारं प्रतिनाटक लिहिलं. त्यात मूळ नाटकातली पात्रं आणि प्रसंग घेतले होते. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं. १९९६ला न्यायालयाने ते रोखायला नकार दिला. जुन्या नाटकावर टीका करायची तर त्यातली माणसं मंचावर आणावीच लागतात, हे तिथल्या न्यायाधीशांना पटलं. तुमच्या अर्जात अशा नाटकाला रकानाच नाही.

आपल्या कायद्यात 'पात्र' अशी गोष्ट कुठे स्वतंत्र सांगितलेलीच नाही, हेही ध्यानात घ्या. साहित्यकृती आहे, नाट्यकृती आहे, कलाकृती आहे. पात्राला किती संरक्षण द्यायचं ते न्यायालयांनी एकेका खटल्यात ठरवत आणलंय. नागराज या कॉमिक्सच्या नायकावरून दिल्लीत खटला झाला, चुलबुल पांडेवरून मुंबईत. ठसठशीत, अनोखं, ओळखू येणारं पात्र असेल तर संरक्षण मिळू शकतं, अशी साधारण दिशा दिसते. पण भित्रा कारकून आणि त्याचा दांडगा भाऊ ही कल्पना कुणाची होत नाही. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८लाच आर. जी. आनंद खटल्यात सांगून ठेवलंय. तुमचं कलम 'पात्रांवर आधारित' इतकं सैल लिहिलंय, की एखाद्या परीक्षकाला वाटलं तर कुठलाही वेंधळा नवरा चिमणरावांवर आधारित ठरेल.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे, आणि ती वाचून तरी तुम्ही थांबाल अशी आशा आहे. ज्या अर्जात तुम्ही मेलेल्या लेखकाच्या हक्काची इतकी काळजी घेता, त्याच अर्जात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: सादर झालेल्या संहितेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील. म्हणजे साठ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची परवानगी हवी आणि समोर उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं लिखाण फुकट हवं. ही मुलगी रात्रभर जागून संहिता लिहिते. तिला प्रवेश शुल्क भरावं लागतं. जिंकली तर करंडक मिळतो, नाहीतर सहभागाचं प्रमाणपत्र. आणि तिने नवीन घडवलेली माणसं, जी कदाचित पुढच्या पिढीचे चिमणराव ठरतील, ती तुमच्या संस्थेच्या कपाटात जाऊन पडतात.

हे कायद्यालाही धरून नाही. कलम १९ सांगतं, की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार हवा, त्यावर देणाऱ्याची सही हवी. कुठली कृती, कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात आणि मोबदला किती हे त्यात लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि ज्याने हक्क घेतले त्याने ते वर्षभरात वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास ते हक्क सुटतात. अर्जाच्या तळाशी एक ओळ छापून 'सर्व हक्क' कायमचे घेता येत नाहीत. पण एकोणीस वर्षांच्या मुलीला हे कोण सांगणार? ती घाबरते, आणि पुढच्या वर्षी स्वतःचीच एकांकिका दुसऱ्या गावात करायला कचरते.

असं किती महागात पडू शकतं, त्याचं उदाहरण पुन्हा केरळातलंच आहे. टॉम्स या नावाने चित्रं काढणाऱ्या व्ही. टी. थॉमस यांनी बोबन आणि मॉली ही भावंडं घडवली होती. त्यांची हास्यचित्रं 'मलयाळ मनोरमा'च्या साप्ताहिकात वर्षानुवर्षं येत राहिली. १९८७ला ते तिथून बाहेर पडले आणि दुसऱ्या नियतकालिकात तीच पात्रं काढू लागले, तेव्हा मनोरमाने त्यांना रोखण्यासाठी खटला भरला. ज्याने ती पोरं कागदावर जन्माला घातली, त्यालाच ती काढायची बंदी करा, अशी ही मागणी. उच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. टॉम्स तेव्हा घराघरांत माहीत होते आणि त्यांच्यामागे वाचक होता. माझ्या तालमीतल्या मुलीमागे कोण आहे? मी आहे, आणि माझा पगार तुम्हाला ठाऊक आहे.

चौथी तक्रार छोटी. निकालाच्या दिवशी तुमचेच परीक्षक माइकवर म्हणतात, की आजच्या पिढीला मराठी साहित्याची ओळख राहिलेली नाही, एकांकिकांत आपल्या मातीतलं काही दिसत नाही. ते बोलत असताना त्या मातीतल्या माणसांना दारावर अडवणारा अर्ज त्यांच्याच टेबलावर पाण्याच्या बाटलीखाली असतो.

तुमची बाजूही मला दिसते. तुम्हाला नोटिशीची भीती आहे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कुणाच्या तरी वकिलाचं पत्र आलं, हॉलचं भाडं भरलेलं आहे, प्रायोजक खिन्न झाले, अशी वेळ कुणावरही येऊ नये. पण नोटीस आली म्हणजे तिच्यामागे हक्क आहेच, असं नसतं. शेरलॉक होम्सचं बघा. आर्थर कॉनन डॉयल १९३०ला गेले. भारतात त्यांचं लिखाण १९८१पासून मोकळं आहे. अमेरिकेत शेवटच्या दहाएक कथांचे हक्क तेवढे उरले होते. त्या जोरावर डॉयल यांच्या वारसांची कंपनी कुणी होम्सवर नवीन लिहिलं की पैसे मागायची. लेस्ली क्लिंगर या संपादकाच्या एका संग्रहासाठी प्रकाशकाने पाच हजार डॉलर भरूनही टाकले होते, भांडण नको म्हणून. दुसऱ्या संग्रहाच्या वेळी क्लिंगर कोर्टात गेले. २०१४ला अपील न्यायालयाने सांगितलं, की जुन्या कथांतला होम्स मोकळा झाला तो झाला. शिवाय क्लिंगर यांच्या वकिलाचा अपिलाचा तीस हजार डॉलरवर गेलेला खर्च त्या कंपनीने द्यावा, असा आदेश दिला. रक्कम मुद्दाम इतकी लहान ठेवायची, की कुणी लढण्यापेक्षा भरून मोकळं होईल, ही त्या धंद्यातली गोम न्यायाधीश रिचर्ड पॉस्नर यांनी निकालात उघडी करून दाखवली. तुमच्या अर्जाने तर नोटीस येण्याआधीच भरून मोकळं व्हायची सोय केली आहे.

वारस मंडळींबद्दल दोन शब्द, कारण हे पत्र त्यांच्याही वाचनात यावं. मराठी लेखकाच्या घरात हक्कांमुळे कुणी श्रीमंत झाल्याची उदाहरणं थोडी आहेत. हयातीत प्रकाशकाने हिशोब दिला नाही आणि मृत्यूनंतर मुलांना पुस्तकाच्या प्रती विकत घ्याव्या लागल्या, असं ऐकिवात असतं. त्यांनी साठ वर्षांत जे मिळेल ते मिळवावं, पूर्ण मिळवावं. पण मुळात ती मुदत पन्नास वर्षांची होती. १९४१ला गेलेल्या रवींद्रनाथांच्या लिखाणाचे हक्क १९९१ अखेर संपत होते, म्हणून १९९२ला कायदा बदलून दहा वर्षं वाढवली गेली. एका लेखकासाठी वाढवलेली दहा वर्षं सगळ्यांना लागली. पुन्हा कधी अशी वाढ करायची टूम निघाली, तर नाटकवाल्यांनी एकत्र येऊन विरोध करावा, असं मला वाटतं. तुम्ही आयोजक त्यात आमच्या बाजूला असायला हवेत.

आता मागण्या. त्या अवघड नाहीत आणि त्यांना पैसाही लागत नाही.

ज्या लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं पूर्ण झाली आहेत, त्याच्या साहित्यावर किंवा पात्रांवर आधारलेल्या एकांकिकेसाठी ना हरकत पत्र मागणं बंद करा. त्याऐवजी अर्जात चार रकाने ठेवा: मूळ कृती, लेखक, प्रकाशनाचं वर्ष, लेखकाच्या मृत्यूचं वर्ष. खाली संघाचं स्वघोषणापत्र घ्या, की ही माहिती खरी आहे आणि खोटी निघाल्यास जबाबदारी आमची. नोटीस आलीच तर ते पत्र दाखवा आणि आमच्याकडे बोट करा. आम्ही बघून घेऊ.

हक्क शिल्लक असलेल्या कृतींसाठी, स्पर्धा विनातिकीट असेल तर कलम ५२ची सवलत मान्य असल्याचं नियमावलीत लिहा. तिकीट असेल तर परवानगी मिळवण्याचं ओझं गावोगावच्या पोरांवर न टाकता ते काम आयोजक म्हणून तुम्ही करा. एका प्रकाशकाला तुम्ही एक पत्र लिहिलंत, तर दहा संघांचं काम होतं. 'आधारित' म्हणजे काय तेही त्याच नियमावलीत लिहा. नुसती कल्पना किंवा स्वभाव जुळला म्हणून कुणाला बाद करू नका.

'सर्व हक्क आयोजकांकडे' ही ओळ काढून टाका. तुम्हाला हवेत ते हक्क थोडे आहेत: प्राथमिक आणि अंतिम फेरीतला प्रयोग, जाहिरातीपुरती छायाचित्रं. तेवढेच लिहा. चित्रीकरण करून ते कुठे दाखवायचं असेल, तर लेखकाशी वेगळा करार करा, मुदत लिहा आणि पैसे द्या. आतापर्यंत त्या ओळीखाली ज्यांच्या संहिता घेतल्या, त्यांना एका साध्या पत्राने कळवा, की तुमची संहिता तुमचीच आहे.

आणि दर जानेवारीत, अर्ज काढताना, त्या वर्षी मोकळ्या झालेल्या मराठी लेखकांची नावं अर्जासोबत छापा. अर्धं पान पुरेल. महाविद्यालयातली मुलं तुमचा अर्ज जितक्या बारकाईने वाचतात, तितक्या बारकाईने पाठ्यपुस्तकही वाचत नाहीत. जमलं तर त्या लेखकांच्या पात्रांवरच्या एकांकिकेला एक वेगळं पारितोषिक ठेवा. रक्कम नको, नुसतं नाव द्या.

उत्तर मला एकटीला खासगीत देऊ नका, ही विनंती. नियमावलीत बदल करून जाहीर द्या, आणि पुढच्या मोसमाचे अर्ज छापायला जाण्याआधी द्या. आमची संहिता तयार आहे. गुंड्याभाऊचं काम करणारी मुलगी आता अकरावीत गेली आहे आणि तालमीला वेळेवर येते.

कळावे,
आपली,
सांगलीतली एक नाट्यशिक्षिका